विजयच्या वाटचे रोट

डेन्मार्कची मुलगी आमच्या मामांच्या घरी राहायला आली, तेव्हा मला त्या घरात नऊ वर्षं झाली होती. मी चौथी पास झाले आणि आईनं मला पाचोऱ्याकडच्या आमच्या खेड्यातून एसटीत बसवून धुळ्याला, देवपुरात आणून सोडलं. मामीला हाताखाली कुणीतरी हवं होतं आणि आमच्या घरात आम्ही पाच बहिणी होतो. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. मी धुणं, भांडी, झाडलोट करायची आणि दोन वेळा पोटभर जेवायची. मारहाण नव्हती, लाडही नव्हते.

आईच्या मनात मात्र आणखी एक बेत होता. मामांना एकच मुलगा, विजय. मी त्याच्याहून वर्षानं लहान. मोठी झाले की भाऊ मलाच सून करून घेईल, असं आई धरून चालली होती. तसं कुणी कबूल केलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. म्हणून आईची एकच ताकीद होती, विजयला राखी बांधायची नाही. एकदा बांधली की झाली बहीण, मग लग्नाचं नाव नको. त्यामुळे नऊ वर्षं दर राखीपौर्णिमेला सकाळी माझं पोट दुखायचं. मामी मला ओवा द्यायची आणि मी तो चावेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. तिला सगळं कळत होतं. परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला चौथी शिकलेली भाची कोण करील? पण नणंदेला तोंडावर नाही म्हटलं तर भांडी घासणारी जाईल, म्हणून तीही गप्प होती. माझी नात विचारते, आजी, तुला तो आवडायचा का. तो पायाची नखं कापून चटईवरच टाकायचा आणि ती मी झाडून काढायची. तेवढंच मला त्याच्याबद्दल सांगता येईल. मला ते घर हवं होतं. चार खोल्या होत्या, घरात नळ होता, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पांझरा नदीकडचा वारा यायचा.

मामांचं मोटारपंपांचं दुकान होतं. दुकान चांगलं चालायला लागल्यावर ते डॉक्टर-वकिलांच्या एका क्लबात जायला लागले. त्या क्लबातूनच ही योजना घरी आली. आपला मुलगा वर्षभर तिकडच्या एका घरात राहायचा आणि तिकडचं एक पोर वर्षभर आपल्याकडे. मामा त्याला संस्कृतीची देवाणघेवाण म्हणत. मामीनं ते ऐकलं आणि तिला एका क्षणात समजलं. हे साटंलोटं आहे. आमच्याकडे साट्यालोट्याची लग्नं होत, त्यांची मुलगी आपल्या घरात, आपली त्यांच्या घरात. त्यांनी आपल्या मुलीला रडवलं की आपण त्यांच्या मुलीला रडवायचं, त्यांनी साडी केली की आपणही करायची. मामांनी तिला दहा वेळा सांगितलं की विजय आपल्याकडे येणाऱ्या मुलीच्या, लेनाच्या, घरी राहत नाही, वेगळ्याच गावात वेगळ्याच माणसांकडे आहे. मामी म्हणाली, असेना का, गाव एकच असतं सोयऱ्यांचं, बातमी जातेच. डेन्मार्क केवढा आहे हे मामांनी नकाशात दाखवलं. आपल्या खानदेशाहून फार मोठा नव्हता. त्यामुळे मामीचं म्हणणं आणखीच पक्कं झालं.

लेना यायच्या आधी मामांनी कमोड आणला. कमोड आला पण गवंडी आला नाही. आठ दिवस तो पांढराशुभ्र ओट्यावर उभा होता. मामांचे चुलते नाना त्याच वेळी गावाकडून आले. ते भाऊबंदकीतले सगळ्यांत मोठे, सत्तरीच्या पुढचे, लग्न असो की वाटणी, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी झाकण खाली केलं, उपरणं अंथरलं आणि त्यावर बसून वर्तमानपत्र वाचलं. खुर्ची चांगली आहे, पाठीला टेकायला मिळतं, म्हणाले. येणारे-जाणारे नमस्कार करून जात होते. ते काय आहे हे नानांना कुणी सांगितलं नाही. आठ दिवसांनी गवंड्यानं तो उचलून मोरीपलीकडे नेला, तेव्हा नानांनी स्वतःच विचारलं, तिकडं कशाला नेता. त्यानंतर ते महिनाभर आमच्याकडे आले नाहीत. आणि एवढं करून लेना तिथं कधी गेलीच नाही. तिला आमचा जुनाच बरा वाटला. मामी कमोडच्या झाकणावर कांद्याची टोपली ठेवायला लागली.

क्लबाचा एक छापील कागद आला होता, इंग्रजीत, खाली निळा शिक्का. मामांनी तो मराठीत सांगितला. पाहुणीला पाहुणी मानू नये, घरच्या मुलीसारखं वागवावं. मामीनं विचारलं, घरच्या मुलीसारखं म्हणजे शकूसारखं का. मामा म्हणाले, नाही नाही, शकूसारखं नाही. मी तिथंच पीठ चाळत होते. दोघांपैकी कुणालाही आपण त्यात काही वाईट बोललो असं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं नाही.

लेना थंडीत आली. माझ्याच वयाची, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच, पापण्या पांढऱ्या. तिला विजयची खोली दिली. पहिल्या दिवशी मामीनं शेवभाजी केली आणि लेनाच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं, तरी तिनं भाजी संपवली. मामीला ते आवडलं. मग विजयचं पहिलं पत्र आलं. तो बर्फ फावड्यानं उपसतो, जेवणानंतर स्वतःचं ताट धुतो, सकाळी थंड मासा आणि पाव खातो, असं त्यानं मजेत लिहिलं होतं. मामी ओट्यावर बसून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लेनापुढे रात्रीची शिळी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा ठेवला, आणि जेवणानंतर ताट घासायला लावलं. बर्फ नव्हता म्हणून अंगणातलं शेण भरायला दिलं. लेना खूश झाली. तिला कळण्याची भाकरी फार आवडली, ती रोज सकाळी तीच मागायला लागली. महिन्याभरानं विजयनं लिहिलं की घरच्या बाईनं त्याला स्वतः विणलेला स्वेटर दिला. लगेच मामीनं लेनाला पैठणीच्या काठाचं परकर-पोलकं शिवलं. तिला उन्हाळाभर ते घालून हिंडावं लागलं. बिचारीला आपल्याला कधी शिक्षा होते आणि कधी बक्षीस मिळतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. ती दोन्हींना सारखंच हसायची.

दिवसभर ती माझ्याबरोबर असायची, म्हणून जे बोलायला शिकली ते माझ्याकडून. मामा दुकानात आणि क्लबात शुद्ध मराठी बोलत. स्वयंपाकघरात मात्र आम्ही बायका अहिराणीच बोलायचो. क्लबाच्या कार्यक्रमात मामांनी तिला मोठ्या कौतुकानं उभं केलं, आमची मुलगी आता मराठीत दोन शब्द बोलेल म्हणाले. लेनानं सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाली, "मी लेना शे. मना पोट भरेल शे. आते बठ्ठा घर जा." माझं पोट भरलंय, आता सगळे घरी जा, हे ऐकून साहेब लोक टाळ्या वाजवून हसले. मामा घरी येऊन माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

श्रावण लागला आणि आमच्याकडे कानबाई आली. खानदेशाबाहेरच्यांना हा सण माहीत नसतो, म्हणून सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई मांडतात. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. कुळातले पुरुष मोजायचे आणि दर पुरुषामागे ठरलेल्या मापानं गहू घ्यायचे. त्या गव्हाचे जाड जाड रोट करायचे. हे रोट कुळातल्यांनीच खायचे. त्या घरच्या पुरुषांनी, सुनांनी आणि लग्न न झालेल्या मुलींनी. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं कूळ बदललं, मग तिला रोट नाही. परक्याला तर घासभरही नाही. आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपले पाहिजेत. टाकायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत. मामांच्या कुळाचा मी नऊ वर्षं दर श्रावणात मापाचा गहू निवडला, पाखडला, खडा न् खडा काढला. रोट कसा लागतो हे मला माहीत नव्हतं. मी माझ्या बापाच्या कुळाची.

त्या वर्षी कानबाई आमच्याच घरी होती. नाना कमोडचं विसरून आले. त्यांनी पुरुष मोजले आणि विजयलाही मोजलं. पुरुष सातासमुद्रापार असला तरी त्याचं माप निघतं. पण मग विजयच्या वाटचे रोट खाणार कोण? मामीनं लगेच सांगितलं, त्याच्या बदल्यात आलेली खाईल. यावर चाळीस माणसं तास-दीड तास बोलली. एक चुलते म्हणाले, गोरी बाई कुळात कशी येईल. मामी म्हणाली, माझा पोरगा तिकडं उपाशी राहिला तर तुम्ही जाऊन वाढणार का. शेवटी मामांनी क्लबाचा कागद आणला. नानांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी निळ्या शिक्क्यावरून अंगठा फिरवून पाहिला. मग त्यांनी लेनाला समोर बसवलं आणि मला विचारायला सांगितलं, की तुमच्या घरी पूजा कशाची. लेनानं बराच विचार केला आणि सांगितलं की थंडीत एक झाड घरात आणतात, त्याला दिवे लावतात आणि त्याच्याभोवती फिरतात. नाना खूश झाले.

"झाड म्हणजे देवकच ना," ते बाकीच्यांना म्हणाले. "कुळाचारी लोक शेतस. लगीन व्हयेल नही. खाऊ द्या पोरले."

अशी ती सात महिन्यांत त्या घरची मुलगी झाली आणि पंगतीत बसली. मी वाढपातही नव्हते. परक्यानं रोटाला हात लावायचा नसतो, म्हणून मी मागच्या दारी भांडी घासत होते. मला राग आला होता का? आला होता. पण घासायची भांडी चाळीस माणसांची होती, रागाला वेळ कमी होता.

रोट ही हलकी वस्तू नाही. लेनानं पहिल्या दिवशी दोन खाल्ले. दुसऱ्या दिवशी मामी तिच्यासमोर बसून, विजयच्या नावानं घास, विजयच्या नावानं घास, असं करायला लागली तेव्हा तिचं तोंड पांढऱ्याचं हिरवट झालं. मग ती ताट घेऊन खोलीत जायला लागली. खोलीत खाते म्हणायची आणि रिकामं ताट आणायची. मामी सगळ्यांना सांगत सुटली, पोर काय खाते, आपल्या मुली खाणार नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी विजयची खोली झाडायला गेले तर मुंग्यांची रांग टेबलाच्या खणात जात होती. खण ओढला. आत विजयच्या वह्यांवर रोट रचून ठेवले होते, रुमालात गुंडाळून.

तेवढ्यात लेना आत आली, तिनं दार लावलं आणि ती माझ्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिली. पोटात मावत नाहीत, नाना म्हणाले टाकायचे नाहीत, बाहेर न्यायचे नाहीत, मग करू काय, असं तिचं म्हणणं. बरोबरच होतं. मग ती म्हणाली, "तू खाय."

मी म्हटलं, माले चालत नही. मी या घरनी नही.

"मंग तू कोन शे?" तिनं विचारलं.

मी तिला समजावलं. तू सात महिन्यांपूर्वी आलीस, तू घरची. मी नऊ वर्षांपूर्वी आले, मामांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, मी परकी. तिला वाटलं मी गंमत करते. ती पलंगावर पडून हसली, मग माझं तोंड पाहून हसायची थांबली. मी खणाजवळ खाली बसले, एका रोटावरच्या मुंग्या झटकल्या आणि खाल्ला. लोकांना वाटतं अशा वेळी माणसाच्या मनात पुष्कळ काही येत असेल. माझ्या मनात एवढंच आलं, की हे मुंग्यांनी खाण्यापेक्षा मी खाल्लेले बरे, आणि यांचा गहू निवडलाय तर मीच. त्या दुपारी दोन खाल्ले, दुसऱ्या दुपारी तीन. लेना दाराशी पाठ लावून उभी राहायची.

पौर्णिमेच्या सकाळी सगळी भाऊबंदकी पुन्हा जमली आणि नानांनी सगळ्या टोपल्या पालथ्या करून पाहिल्या. एक तुकडा उरला नव्हता. ते समाधानानं ओट्यावर टेकले आणि लेनाला म्हणाले, शाब्बास, विजयचं माप पुरं केलंस. एवढ्यावर गप्प बसायचं. पण त्या मुलीच्या देशात दुसऱ्याचं श्रेय घेत नसत म्हणे. तिनं माझा हात धरून मला पुढे ओढलं.

"मी नही," ती म्हणाली. "मी दोनतीनच खादात. बाकीना बठ्ठा शकूनी खादात."

मामीनं माझी वेणी धरली. उद्याच्या एसटीनं हिला गावाला पाठवा, दरवर्षीसारखी आजही पोट दुखून पडली असती तर बरं झालं असतं, असं बरंच काही बोलली. मामा डोकं धरून बसले. मला वाटलं, झालं, नऊ वर्षं गेली. नानांनी मात्र हात वर करून मामीला थांबवलं आणि मला विचारायला सुरुवात केली. कुठं खाल्लेस. खोलीत. उंबऱ्याच्या आत ना? आत. काही सांडलं? नाही, मुंग्यांनी थोडं नेलं. मुंग्या घरातल्याच ना? घरातल्याच. नाना डोळे मिटून बसले. त्यांना खालच्या चार दातांनी पाच दिवस रोट खावे लागले होते, हे आता लक्षात येतं. परक्याच्या तोंडी गेले असं ठरलं असतं तर पुन्हा माप, पुन्हा गहू, पुन्हा चाळीस माणसं आणि पुन्हा रोट.

"परक्याले रोट पचत नही," नाना म्हणाले. "हिले पचनात. म्हणजे ही परकी नही. घरनी पोर शे. विषय सरना."

मामी आणखी तोंड उघडणार होती. पण मधेच थांबली. तिच्या चेहऱ्यावर मी असं काही कधी पाहिलं नव्हतं, ढग सरकावा तसा राग एका बाजूनं निघून गेला. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "नाना, घरची पोर म्हणजे विजयची बहीणच ना?"

"मंग दुसरं काय?"

मामी आत गेली आणि लाल गोंड्याची राखी आणि विजयचा पत्ता लिहिलेलं विमानाच्या टपालाचं पाकीट घेऊन आली. शेजारणीच्या मुलीकडून पाठवायला आणून ठेवली होती, ती कानबाईच्या गडबडीत राहूनच गेली होती. चाळीस माणसांसमोर तिनं ती माझ्या हातात दिली आणि माझ्या वेणीचे केस नीट करत म्हणाली, "टाक बाई तुझ्या हातानं. तुझा भाऊ वाट बघत असेल."

काय चाललंय ते लेना सोडून सगळ्यांना कळलं. नाही म्हटलं तर मी परकी, आणि परकीनं कुळाचे रोट बाटवले. हो म्हटलं तर आईचा बेत त्या पाकिटात बंद होऊन डेन्मार्कला जाणार. मी राखी पाकिटात टाकली. पण चिकटवायच्या आधी नानांकडे वळले.

"नाना, मी घरची पोर ना? मग घरची पोर भांडी घासायला ठेवत नाहीत. बाई लावायला सांगा. आणि माझं लग्न घरच्या पोरीसारखं या दारातून होईल, हेही आत्ताच सांगा."

मामीचा मऊपणा गेला. नाना हसले, मामांकडे बघून मान हलवली आणि मामांनीही हलवली. मग मी पाकिटाला थुंकी लावली.

चौथ्या दिवशी भांड्यांना बाई आली. माझं लग्न दोन वर्षांनी मामांच्या दारातूनच झालं, जळगावच्या एका कंपाउंडरशी. मामीनं चांगलं करून दिलं, भाऊबंदकीसमोर कबूल केलेलं मोडायची सोय नव्हती. मधल्या वर्षी मी पंगतीत बसून रोट खाल्ले, हक्कानं, आणि लग्न झाल्यावर पुन्हा परकी झाले. विजयनं पुढे कॉलेजातली मुलगी केली. त्याच्या चटईवरची नखं कोण झाडतं हे मी विचारलेलं नाही.

आईला आठवड्यानं बातमी लागली, तशी ती दुसऱ्याच दिवशी धुळ्याला आली. मामीच्या घरात पाणीही न घेता तिनं मला मागच्या दारी नेलं आणि दगडावर बसवून बोलायला लागली. नऊ वर्षं पोटदुखी सांभाळली आणि पाच रोटांसाठी नवरा घालवलास. अशी कशी गं तू खादाड. लोक जावई मिळवायला उपास करतात आणि माझी मुलगी खाऊन बसली. ती बोलत होती आणि मी ऐकत होते, कारण तिचं सगळं खरं होतं. बाई नुकती कामाला लागली होती, तिचा भांड्यांचा आवाज येत होता. आई बोलून बोलून दमली. पदरानं तोंड पुसलं. माझ्या शेजारी दगडावर बसली आणि नळाच्या पाण्याकडे बघत राहिली. ती या घरची मुलगी. लग्न होऊन गेल्याला तिला पंचवीस वर्षं झाली होती.

"पीठ अजून दुधातच भिजवतात का गं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, ते मला माहीत नाही, मी मळायला नव्हते. पण चव दुधाची होती.

आई "हं" म्हणाली, आणि मग मला सगळं नीट सांगायला लावलं. वरचा पदर कडक होता का, आत मऊ होता का, दुसऱ्या दिवशी चांगला लागतो तसा लागला का. मी एकेक सांगत गेले.